वारा किती अडवावा

सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कारण तिथे वारा भरवशाने वाहतो. तोच वारा डोंगराखालच्या रस्त्याने मोटारसायकलवर जाणाऱ्याच्या छातीवर येतो. पावसाळ्यात पारनेर तालुक्यात पाऊस बेताचा आणि वारा भरपूर, आणि तो बहुतेक पश्चिमेकडचा. टाकळी ढोकेश्वरहून आळेफाट्यामार्गे माळशेज घाटाकडे निघालेल्या स्वाराने ताशी 80 किलोमीटरचा वेग धरला आणि समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा असला, तर त्याच्या अंगाला लागणारी हवा 110 च्या वेगाची असते. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वारा पडलेला असताना लागला असता त्याच्या दुपटीच्या जवळ जाणारा जोर आता लागतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 50 किलोचा भार. हा भार मान, खांदे आणि मनगटे तासन्‌तास पेलत राहतात. लांब पल्ल्याच्या गाडीला पुढे काच असते ती यासाठी. तिला सगळे काच म्हणतात, असते ती प्लास्टिकची. ती तडकली किंवा धुळीने घासून पांढुरकी पडली की नवी बसवावी लागते, आणि किती उंच हवी, असे दुकानदार विचारतो. तो इंचांत विचारतो. पण वाऱ्यापैकी किती अडवायचा आणि किती सोसायचा, हाच त्या विचारण्याचा अर्थ आहे, आणि हा प्रश्न आपल्याकडच्या धर्मचिंतनाने फार पूर्वीपासून हाताळला आहे. दुःख दूर करणे हा धर्म की दुःख सहन करणे हा धर्म? माझे म्हणणे असे की हे दोन पर्याय नाहीत. ती एकाच आचरणाची दोन अंगे आहेत, त्यांना क्रम आहे आणि मर्यादाही आहे, आणि ती मर्यादा काचेच्या बाबतीत जवळजवळ मोजून दाखवता येते.

पाली त्रिपिटकातल्या मज्झिमनिकायाचे दुसरेच सुत्त, सब्बासवसुत्त, चित्ताला मलिन करणारे आस्रव कोणकोणत्या मार्गांनी दूर करायचे ते सांगते. असे सात मार्ग आहेत. काही आस्रव सम्यक पाहण्याने जातात, काही इंद्रियांच्या संयमाने, काही वस्तूंच्या योग्य वापराने, काही सहन करण्याने, काही टाळण्याने, आणि उरलेले मनातून झटकून टाकल्याने व भावनेने, म्हणजे चित्ताच्या जोपासनेने. यातला वापराचा मार्ग समजावताना चीवराचा उल्लेख येतो. भिक्षूने चीवर अंगावर घ्यायचे ते थंडी, ऊन, गोमाश्या, डास, वारा यांच्यापासून बचाव व्हावा आणि लाज झाकली जावी एवढ्यापुरतेच. लगेच पुढचा मार्ग सहन करण्याचा, आणि तिथे जवळजवळ तीच यादी पुन्हा येते. थंडी आणि ऊन सोसायचे, भूक-तहान सोसायची, डास-माश्या आणि वारा सोसायचा, लोकांचे टाकून बोलणेही सोसायचे. म्हणजे वारा दोन्ही याद्यांत आहे. एका परिच्छेदात तो अडवायचा आणि पुढच्याच परिच्छेदात तो सहन करायचा. संकलन करणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटली असेल असे मला वाटत नाही. पाठांतरावर जगलेल्या परंपरेत इतक्या जवळची पुनरुक्ती लपून राहत नाही. मी तिचा अर्थ असा लावतो: आधी वापर, मग सहन. चीवराने वाऱ्याचा जेवढा भाग अडतो तेवढा अडवायचा, आणि चीवर असूनही जो अंगाला लागतो तो कुरकुर न करता घ्यायचा. सहनशीलतेचे क्षेत्र उपाय संपल्यावर सुरू होते. त्याच सुत्तातला टाळण्याचा मार्ग तर याहून स्पष्ट आहे. बिथरलेला हत्ती, घोडा, बैल, कुत्रा, साप, खुंट, काटेरी जागा, खड्डा, कडा यांच्यापासून भिक्षूने विचारपूर्वक दूर राहायचे आहे. खड्ड्याच्या बाबतीत तितिक्षेला जागाच ठेवलेली नाही.

याला सर्वांत वजनदार आक्षेप वेदान्ताकडून येतो. परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या आहे, ती सगळी दुःखे प्रतिकार न करता आणि चिंता-विलाप न करता सहन करणे, अशी. प्रतिकार न करता, हे शब्द तिथे निःसंदिग्ध आहेत. मग काच बसवणे हा वाऱ्याचा प्रतिकारच झाला, आणि ज्याने तो केला त्याने तितिक्षेचा अधिकार सोडला, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप शब्दच्छल करून उडवून लावता येणार नाही. पण ती व्याख्या कोणासाठी आहे हे त्याच ग्रंथात सांगितले आहे: विवेक, वैराग्य, शमादी षट्क आणि मुमुक्षुत्व ही चार साधने बाळगणाऱ्या साधकासाठी. त्याच्या देहाला थंडी वाजली तर ती त्याच्यापुरती असते. मोटारसायकल चालवणाऱ्याची स्थिती तशी नाही. ऊस तोडणीच्या हंगामात नगर-पुणे रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात पुढे असतात, कडेने पायी माणसे चालतात, ढाब्यापाशी एखादे पोर रस्ता ओलांडते. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. त्यात दोन-तीन तास काढलेल्या माणसाचे लक्ष बोथट होते, मान आखडते, हात ब्रेकवर उशिरा जातो. त्याने वारा धैर्याने सोसला असेल, पण त्या धैर्याची किंमत त्याच्या लक्षातून वजा झाली, आणि ते लक्ष एकट्याच्या मालकीचे नव्हते. रस्त्यावरच्या प्रत्येकाचा त्याच्यावर हक्क होता. जे दुःख सोसताना दुसऱ्याचा जीव तारणावर ठेवावा लागतो, ते सोसायला आपण मोकळे नसतो.

शिवाय व्याख्येतले दुसरे अंग पाहा: चिंता नको, विलाप नको. काच नसलेल्या गाडीवर शंभर किलोमीटर गेलेला माणूस वाऱ्याखेरीज फारसा कशाचा विचार करू शकत नाही. प्रतिकार न करण्याची अट पाळायला जावे तर चिंता न करण्याची अट मोडते. संन्याशाला दोन्ही अटी एकदम पाळता येत असतील. दीर्घ साधनेचे ते फळ आहे. बाकीच्यांना एक निवडावी लागते, आणि चित्त मोकळे ठेवण्याची अट निवडणे हे मला त्या व्याख्येच्या हेतूला अधिक धरून वाटते.

यावर कोणी म्हणेल की ही सोयीची बाजू झाली, धर्माची नव्हे; तपाला कष्ट हवेतच. याच्या उत्तरासाठी जिल्ह्याबाहेर जायला नको. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात ज्ञानेश्वरी झाली. गीतेच्या सतराव्या अध्यायात, शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहातल्या भूतसमूहाला आणि आत बसलेल्या ईश्वराला कष्टवणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे, आणि मूढपणाने स्वतःला पीडा देऊन केलेले तप तामस ठरवले आहे. ज्ञानेश्वर या ठिकाणी नुसता अर्थ सांगून पुढे जात नाहीत. शरीराला वैरी ठरवणाऱ्या माणसाचे चित्र ते उभे करतात: डोक्यावर गुग्गुळ जाळणारा, पाठीत गळ टोचून घेणारा, निखाऱ्यांनी अंग भाजणारा. हे वर्णन काल्पनिक नाही. गळ टोचून घेण्याचे नवस महाराष्ट्रातल्या देवस्थानांत पुढेही शेकडो वर्षे चालत आले. भोवतालची माणसे ज्याला भक्ती म्हणत होती त्याच कष्टाला ज्ञानेश्वर तामस म्हणतात, हे धाडस आजही कमी वाटत नाही. कष्टाचे मोल कष्टात नाही, तो कशासाठी घेतला यात आहे, असाच त्याचा निष्कर्ष निघतो.

पारनेरात या मुद्द्यावर सेनापती बापटांचे नाव निघणे साहजिक आहे. पांडुरंग महादेव बापट 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेरला जन्मले. 1921 मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाने त्यांना सेनापती केले, तुरुंग दिला. सोसण्याचा आदर्श म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवायचे असेल तर खुशाल दाखवावे, पण नीट दाखवावे. धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांचे दुःख टळावे म्हणून त्यांनी तुरुंगवास घेतला. त्यांचे सोसणे हे दुसऱ्याच्या दुःखाचे निवारण होते. हातात झाडू घेऊन त्यांनी गावे साफ केली, तीही घाण सहन करायची गोष्ट नसून काढून टाकायची गोष्ट आहे म्हणून. त्यांच्या आयुष्यातून निवारणाविरुद्ध पुरावा निघत नाही.

इथवर मी काचेच्या बाजूने बोललो. आता काच उंच उंच करत नेणाऱ्याला थांबवणे आवश्यक आहे, कारण बाजारातला कल त्या दिशेचा आहे. वारा वाईट, तर अर्धा कशाला, सगळाच अडवू, असा तो विचार. याला उत्तर आधी रस्त्यावरून मिळते. जाणकार सांगतात की स्वार सरळ बसला असता काचेची वरची कड त्याच्या नाकाच्या आसपास यावी, डोळ्यांच्या वर कधीही जाऊ नये. हवा कडेवर आदळून वर उसळते आणि कडेपेक्षा बरीच उंचावरून जाते, त्यामुळे नाकापर्यंतची काच डोक्यावरचा वाराही वळवते. नजर मात्र काचेच्या वरून मोकळी जाते. कड डोळ्यांच्या वर गेली की माणूस जगाकडे प्लास्टिकमधून पाहू लागतो. पारनेरच्या कोरड्या रानातली धूळ बारीक आणि कठीण असते, कोरड्या फडक्याने पुसली की काचेवर ओरखडे उठतात. दिवसा ते दिसत नाहीत. संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य समोर आला, किंवा रात्री समोरच्या ट्रकचे दिवे पडले, की प्रत्येक ओरखडा पेटतो आणि रस्ता नाहीसा होतो. पावसात त्यावर थेंब बसतात, आणि गाडीच्या काचेला असतो तसा वायपर इथे नसतो. वाऱ्यापासून वाचवणारी वस्तू खड्ड्यापासून वाचण्याचे साधन, म्हणजे नजर, काढून घेते. सब्बासवसुत्ताच्या भाषेत सांगायचे तर वापराचा मार्ग टाळण्याच्या मार्गावर चढून बसतो.

निवारणाची मर्यादा मला इथे सापडते: ज्या लक्षासाठी आपण संरक्षण घेतले, त्या लक्षालाच ते झाकू लागले की संरक्षणाचे काम संपले. हे धर्माच्या इतर आडोशांनाही लागू आहे. व्रत, नेम, संप्रदाय, गुरूची छाया हे सगळे जगाच्या वाऱ्यापासून चित्त सावरायला घेतलेले असते. त्यांची कड डोळ्यांच्या खाली असेपर्यंत ते उपकारक आहेत. माणूस शेजाऱ्याकडे, भुकेल्याकडे, स्वतःच्या चुकीकडेसुद्धा त्या नेमाच्या धूसर पडद्यातूनच पाहू लागला, म्हणजे कड वर गेली.

उंच आणि रुंद काचेचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. काही काचा हँडलला जोडलेल्या असतात, काही गाडीच्या सांगाड्याला. हँडलवरची मोठी काच बाजूच्या झोताने ढकलली गेली की हँडलही ढकलते. पवनचक्क्यांच्या डोंगराखाली, किंवा मोठा ट्रक बाजूने गेला की, स्वाराला न विचारता गाडी वळू पाहते. आधार म्हणून घेतलेली वस्तू दिशा ठरवू लागते. म्हणून मोठी काच घ्यायचीच असेल तर ती सांगाड्याला धरून असावी. हँडलवर बसवायची तर लहान असावी.

आता लोभाचा आक्षेप. प्रवासी गाडीची काच ही चैनीची वस्तू आहे, पहाटे दुधाचे कॅन लावून गावोगाव फिरणाऱ्या माणसाला कोण काच देतो, तो स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालून मार्गशीर्षातला वारा अडवतो, असे म्हणणे खरे आहे आणि ते टोचायला हवे. विनयपिटकातल्या महावग्गात सोण कोळिविस या श्रीमंताघरच्या भिक्षूची कथा आहे. चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, करता करता त्याच्या पायांतून रक्त आले. बुद्धाने त्याला एका तळाच्या वहाणा घालण्याची मोकळीक दिली. त्याने ती नाकारली. ऐंशी गाड्या सोने सोडून आलेला सोण आता वहाणांवर लोभावला, असे लोक म्हणतील. सगळ्या संघाला मोकळीक असेल तर मीही वापरीन, असे त्याचे म्हणणे. मग बुद्धाने ती सगळ्यांना दिली. सोणाला एकट्यापुरता आराम नको होता, आणि बुद्धाने उत्तर म्हणून त्याचा आराम काढून घेतला नाही, तो सर्वांपर्यंत नेला. दूधवाल्याच्या बाबतीत मला हेच उत्तर दिसते. त्याच्या छातीवरचे वर्तमानपत्र हाही निवारणाचाच उपाय आहे, म्हणजे निवारण ही श्रीमंतांची कल्पना नाही. त्याला काच परवडत नसेल तर महाग काचेला पर्याय शोधणे हे काम आहे, आणि तो पर्याय हाताने करता येण्याजोगा आहे.

करण्यात आणखी एक गुण आहे. तयार काच कारखान्याने गृहीत धरलेल्या सरासरी उंचीच्या माणसासाठी असते, आणि नाकाची उंची तर ज्याची त्याची. हाताने करणारा आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापतो, तो गाडीला चिकटवून सरळ बसतो, कड कुठे दिसते ते पाहतो. मग पत्रा निवडतो. ॲक्रिलिक कडक आणि स्वच्छ, त्यावर ओरखडे कमी उठतात, पण दगड लागला तर ते तडकते आणि तुकडे धारदार निघतात. पॉलिकार्बोनेट मार सहन करते, वाकते; मात्र कठीण लेप नसेल तर लवकर ओरखडते, त्यावर पेट्रोल सांडू द्यायचे नसते, आणि अमोनिया असलेल्या पुसण्याच्या द्रवाने ते बिघडते. ट्रकच्या चाकाखालून खडी उडते त्या रस्त्यांवर मी पॉलिकार्बोनेटच्या बाजूने आहे. ओरखड्यांची भीती इथे कमी होते, कारण कड नाकाशी ठेवली तर आपण त्यातून पाहतच नाही. तापवून वळवायचे तर ते आधी कोरडे करून घ्यावे लागते, नाहीतर आत शोषलेल्या ओलीचे बुडबुडे उठतात. भोके बोल्टपेक्षा थोडी मोठी पाडायची, कारण उन्हात प्लास्टिक पसरते. खाली रबराचे वॉशर, आणि आवळताना हात आवरता, कारण तडा जातो तो बहुधा भोकापासून. कड घासून गोल करायची, पडल्यावर ती गळ्याशी येऊ शकते. आणि कापताना एकदम पूर्ण कापायचे नाही. थोडे उंच ठेवून रस्त्यावर न्यायचे, मग बोटभर कमी करायचे, पुन्हा न्यायचे. कापलेले परत जोडता येत नाही. विनयपिटकातले नियमही असेच झालेले दिसतात: आधी घटना, मग नियम, पुन्हा अडचण, मग नियमात मोकळीक. कुठल्याही माणसाला पाहण्याआधी ठरवलेले संयमाचे माप कोणाच्याच अंगाला बसत नाही.

एवढे करूनही पुष्कळांचा अनुभव असा की काच लावल्यावर छाती शांत झाली आणि डोके मात्र हादरू लागले. कारण काचेमागे दाब कमी होतो, वरून गेलेली हवा त्या पोकळीत खाली ओढली जाते आणि भोवरे हेल्मेटवर आदळतात. घाबरून माणूस काच आणखी उंच करतो आणि मागची पोकळी मोठी होते. खरा उपाय उलटा आहे. काचेच्या खालच्या अंगाला फट ठेवायची, म्हणजे थोडा वारा आत येतो, मागचा दाब भरून निघतो आणि भोवरे शमतात. वाऱ्याला पूर्ण नकार देणारी काच वारा अधिक वाईट रूपात परत आणते. सुत्तात वारा दोन याद्यांत का ठेवला असेल, याचे याहून नेमके प्रात्यक्षिक मला माहीत नाही. सोसण्याचा वाटा निवारणाच्या बांधणीतच ठेवावा लागतो; तो नसेल तर निवारणच नीट उभे राहत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि काच विकत घेताना तो क्वचितच कोणी घेतो. वळवलेला वारा नाहीसा होत नाही. तो स्वाराच्या डोक्यावरून मागे जातो, आणि मागे बसलेले माणूस बहुधा थोडे उंचावर बसलेले असते. कोरठणच्या खंडोबाला निघालेल्या जोडप्यात पुढचा निवांत असतो, आणि मागची बायको, किंवा म्हातारी आई, डोळे मिटून पदर घट्ट धरून बसलेली असते. पुढच्याची काच उत्तम आहे असे पुढचाच म्हणतो. म्हणून मोजणी दोघांनी बसून करावी. वेग धरल्यावर मागच्याला विचारावे, आणि वारा तिच्या तोंडावर येत असेल तर कड बोटभर खाली आणावी, फट थोडी वाढवावी, पुन्हा विचारावे. त्याने स्वाराच्या खांद्यांना थोडा वारा अधिक लागेल. तो त्याने काही न बोलता घ्यावा.